उगाच नाही बसलो

गावाचं नाव उगाच. म्हणजे नाव खरोखरच 'उगाच' असं आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण उगाचच्या माणसांचं निम्मं आयुष्य हे समजावून सांगण्यातच जातं.

फोनवर कोणी विचारतं, "कुठून बोलताय?" इकडून उत्तर जातं, "उगाच." पलीकडचा म्हणतो, "मग ठेवा की," आणि स्वतःच ठेवून देतो. बसमध्ये "एक उगाच द्या" म्हटलं की नवा कंडक्टर आधी चिडतो, मग हसतो आणि मग तिकीट फाडतो. गावात शिरताना निळी पाटी लागते: 'उगाच नगरपंचायत आपले स्वागत करत आहे.' थोडं पुढे 'उगाच सार्वजनिक वाचनालय', मग 'उगाच महिला मंडळ', मग 'उगाच पोलीस चौकी'. 'उगाच पाणीपुरवठा योजना' ही पाटीही आहे, आणि तिच्याबद्दल मात्र आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

हे नाव पडलं ते एका माणसाच्या बसण्यामुळे, असं गाव सांगतं. फार पूर्वी जमिनीची मोजणी करत एक साहेब इथल्या फाट्यावर आला. चार घरं होती, नाव नव्हतं. झाडाखाली दगडावर एक माणूस बसलेला. साहेबानं घाईत विचारलं, "काय रे, इथं काय?" त्याला जागेचं नाव हवं होतं. त्या माणसाला वाटलं, आपण इथं काय करतोय असं विचारतोय. तो म्हणाला, "उगाच." साहेबानं नकाशावर टिपलं आणि निघून गेला.

त्या माणसाचा पणतू म्हणजे उभेकाका.

उभे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते उभे असतात म्हणून उभेकाका. एका रिकामटेकड्या माणसाचं घराणं म्हणून लहानपणापासून सगळ्यांनी त्यांना बोलून घेतलं होतं. शाळेत जरा कुठे भिंतीला टेकले की "घराण्याला शोभतंय हो!" आंघोळीला उशीर झाला की शेजारीण म्हणायची, "रक्तातच आहे." एके दिवशी त्या मुलानं ठरवलं की यापुढे आपल्याला बसलेलं कोणी पाहायचं नाही. आणि पाहिलं नाही. काका जेवताना उभे, चहा पिताना उभे. बस रिकामी असली तरी दांडा धरून उभे, त्यावरून कंडक्टरशी भांडण ठरलेलं. लग्नाच्या फोटोत काकू खुर्चीत बसलेल्या आहेत आणि काका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत. तेव्हा काकूंना वाटलं, फोटोसाठीच असेल.

यातली गंमत पुढेच आहे. काकांचा धंदा खुर्च्या विणण्याचा.

वेताच्या खुर्चीची बैठक झिजली, फाटली की ती काकांकडे येते. पुढच्या खोलीत पाण्याचं एक घमेलं असतं, त्यात वेताच्या पट्ट्या मऊ व्हायला भिजत पडलेल्या. पट्टी सुकली की तुटते आणि फार भिजली की सैल पडते, म्हणून काका मधूनमधून बोटानं चाचपून बघतात. बाकीचे विणकर पाटावर बसून काम करतात. काकांनी सुताराकडून छातीएवढं उंच टेबल करून घेतलं आहे. त्यावर खुर्ची उताणी ठेवायची, भोकाभोकातून पट्टी ओवायची, आडवी, उभी, मग तिरपी, आणि खालून गाठ मारायची. काकांच्या विणीत नजर घातली तर जाळीतून पलीकडचं सारखं दिसतं, एक भोक लहान नाही की मोठं नाही.

पण खुर्ची झाली की तिच्यावर कोणीतरी बसून पाहावं लागतं. ते काम काकूंचं.

"अगं, ये गं जरा," काका हाक मारायचे. काकू हात पुसत येत, जरा सावरून बसत, डोळे मिटत. मग निकाल. "डावीकडे सैल आहे." किंवा "ही छान झाली, उठावंसंच वाटत नाही." काकांकडून गेलेल्या प्रत्येक खुर्चीवर मालकाच्या आधी काकू बसलेल्या आहेत. नगरपंचायतीत कोणाचा तोरा वाढला की काकू म्हणायच्या, "असू दे. त्या खुर्चीवर पहिली मी बसलेय."

घराच्या ओट्यावर दोन वेताच्या खुर्च्या होत्या. संसार थाटला तेव्हा काकूंनी हौसेनं विणून घेतलेल्या. एकीवर संध्याकाळी काकू बसत. दुसरीवर वेताची भेंडोळी, जुन्या पट्ट्यांची टोपली आणि एक फुटका कंदील बसत असे.

बसणं हा शब्दही काकांना चालत नसे, ही तर कमालच. भाषेत जिकडेतिकडे माणसं, वस्तू, गोष्टी बसलेल्याच असतात. काका बिचारे वाट काढत काढत बोलत. सर्दीनं आवाज बसला तर म्हणायचे, "आवाज गेलाय." धक्का बसायचा नाही, लागायचा. कामाची घडी बसायची नाही, 'लागी लागायची', म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. काकू मुद्दाम विचारायच्या, "माझ्यावर तुमचा विश्वास तरी बसलाय का हो?"

"आहे ना, विश्वास आहे," काका म्हणायचे. "चांगला उभा आहे."

पणजोबांवरचा बट्टा पुसायला काकांकडे आणखी एक हत्यार होतं. ते म्हणजे वाक्याचा उरलेला भाग. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की पणजोबा नुसतं 'उगाच' म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, "उगाच नाही बसलो." साहेबानं पहिला शब्द ऐकला, लिहिला आणि घोड्याला टाच मारली. 'नाही'पर्यंत थांबायला त्याला सवड नव्हती.

"आपल्या भाषेत नकार मागून येतो," काका हात नाचवत सांगायचे. "जरा दम धरला असता तर हे गाव 'उगाच' झालं नसतं!"

"मग काय झालं असतं? 'उगाच नाही'?" काकू विचारायच्या. "उगाच नाही नगरपंचायत? उगाच नाही पोलीस चौकी?"

"निदान अब्रू तरी राहिली असती."

"पण उगाच नाही, तर मग कशाला बसले होते?"

इथे काकांची गाडी अडायची. कारण आजोबा सांगत, हरवलेल्या शेळीची वाट पाहत होते. वडील सांगत, विहिरीच्या कामावर देखरेख करत होते. काकांच्या सांगण्यात पणजोबा टोपली विणत होते. ती टोपली दरवर्षी थोडी मोठी होत होती.

"गेल्या वर्षी टोपली होती," काकू म्हणायच्या. "परवा पाहुण्यांना खाट सांगितलीत. पुढल्या वर्षी पणजोबा पूल बांधायला घेतील."

तर असं सगळं सुरळीत उभं असताना नगरपंचायतीला नावाचा उगम शोधायची हुक्की आली.

कारण घडलं ते अध्यक्षबाईंच्या बाबतीत. त्या कुठल्याशा मोठ्या शहरात नगराध्यक्षांच्या मेळाव्याला गेल्या होत्या. तिथल्या निवेदकानं कागद बघून माईकवर सांगितलं, "आणि या आहेत, उगाच नगराध्यक्ष." सगळं सभागृह हसत सुटलं. बाई तिथून परत आल्या त्या कपाळावर आठ्या घेऊनच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सभा बोलावली. वेशीवर काहीतरी उभारायचं, आणि हे नाव का पडलं ते सगळ्या जगाला एकदाचं सांगून टाकायचं.

त्याच सभेला काका नव्यानं विणलेली खुर्ची खांद्यावर घेऊन पोहोचले. दारात थांबले.

निवृत्त गुरुजी बोलत होते. "मूळ नाव उग्राचल. उग्र अधिक अचल. उग्राचलचं उग्राच, उग्राचचं उगाच."

"अचल म्हणजे डोंगर ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "पण गुरुजी, आपल्याकडे साधी टेकडी नाही. गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी."

"होता डोंगर. झिजला."

"अख्खा?"

"काळ फार लोटलाय, बाई."

ज्यांचे दोन टँकर गावात पाणी वाहतात ते टँकरवाले सदस्य म्हणाले, "मला पटतंय. उग्राचल नगरपंचायत. ऐकायला भारी वाटतं."

काकांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. उग्राचल पास झालं की पणजोबा सुटले. मग कोणी उगाच बसलेलं नव्हतं, कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं. पण खांद्यावरची खुर्ची एकाएकी जड झाली. डोंगर आला की झाड जाणार, दगड जाणार, आणि त्या दगडावरचा माणूसही जाणार. आळशी का होईना, तो होता. नसलेल्या डोंगराखाली त्याला गाडून टाकायला निघाले होते सगळे.

काकांनी खुर्ची खाली ठेवली. "डोंगर नव्हता," ते म्हणाले. "माझे पणजोबा होते."

"बसलेले ना?" टँकरवाल्यांनी लगेच टोमणा मारला.

"होते. पण उगाच नाही." आणि काकांनी पूर्ण वाक्य सांगितलं.

"मग काय करत होते?" बाईंनी विचारलं.

"विणत होते."

"काय?"

काकांनी दोन्ही हात फाकवले. "मोठंसं काहीतरी."

"मला खाट सांगितली होतीस," गुरुजी म्हणाले.

पण बाईंचे डोळे चमकले होते. डोंगर काही उभारता येणार नव्हता; माणूस उभारता येणार होता. झाडाखाली, दगडावर, बसलेला. "पुतळा करू," त्या म्हणाल्या. "पणजोबांचा फोटो आहे?"

"नाही."

"मग चेहरा तुमचा घेऊ. त्यांचंच रक्त आहे. मूर्तिकारासमोर बसाल ना?"

एका कोपऱ्यात कोणीतरी खुदकन हसलं.

"उभ्याचा नाही होणार पुतळा?" काकांनी विचारलं.

"उभा माणूस 'बसलो' कसं म्हणेल, काका?"

"पण खाली वाक्य पूर्ण कोरायचं. 'नाही' धरून."

"कोरू की. शब्द आहे माझा. मात्र गावाचं नाव ठळक हवं, लांबून दिसेल असं. आणि तुम्ही बसला नाहीत, तर पुढच्या सभेत उग्राचल मंजूर."

घरी येऊन काकांनी सांगितलं तेव्हा काकू हसत हसत भिंत धरून खालीच बसल्या. "मला धक्काच बसला!"

"लागला म्हण," काका म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

मूर्तिकारानं काम मांडलं ते नगरपंचायतीच्या टँकरच्या शेडमध्ये. शेजारच्या शहरातला हा माणूस गोलमटोल होता, स्वतः स्टुलावरून हलत नसे, माती मळायलाही नाही. दगड मिळाला नव्हता म्हणून त्यानं एक पालथा ड्रम ठेवला होता.

"या काका. टेका."

काकांनी आधी शेडचं दार लावून घेतलं, फटीतून बाहेर बघितलं, आणि गार पाण्यात पाय घालावा तसे हळूहळू ड्रमवर टेकले. टेकले आणि उठले.

"काय झालं?"

"ड्रम डुगडुगतोय." त्याखाली खापरी सारून झाली. परत टेकले. मग मूर्तिकाराची माती चाळायची चाळणी एका बाजूनं सुटलेली दिसली. खिशातून पट्टी काढून ती बांधून झाली. मग शेडच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती.

"काका, हात मोकळे सोडा."

"सोडले."

"मुठी कशाला वळल्यात?"

"मोकळ्याच आहेत. अशाच असतात."

"आणि चेहरा? जरा सैल करा. निवांत. उगाच बसल्यासारखा..." मूर्तिकारानं जीभ चावली, पण उशीर झाला होता. काका ताडकन उभे.

असं रोज चालू राहिलं. मातीत जो माणूस उतरत होता तो दगडावर बसलेला नव्हता. त्याला दगडावर कोणीतरी बांधून घातलं होतं. शेवटी मूर्तिकारानंच काकूंना निरोप पाठवला: येऊन जरा बघा, नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही.

काकू आल्या त्या ओट्यावरची आपली खुर्ची उचलून घेऊन. ड्रमच्या शेजारी मांडली आणि बसल्या. पिशवी नाही, निवडायला काही आणलं नाही, नुसत्या बसल्या.

"तू कशाला आलीस?" काकांनी विचारलं.

"बसायला. माझं कामच आहे ते."

बाहेर टँकरच्या नळातून पाणी ठिबकत होतं. पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा एक ठिपका जमिनीवरून सरकत काकूंच्या पायापाशी आला.

"मी काय म्हणते," काकू म्हणाल्या. "शेळी झाली, विहीर झाली, टोपली झाली. पण पणजोबा कोणाची तरी वाट बघत असतील, असं कधी का नाही आलं तुमच्या डोक्यात?"

"कोणाची?"

"आता कोणाची! पणजीची."

"पणजीची?"

"दोघांना कुठंतरी जायचं असेल. हे आधी तयार. ती म्हणाली असेल, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. आणि 'आलेच' म्हणाली म्हणजे बघा. दार लावलं, परत उघडलं. चुलीत बघितलं, पदर बदलला. शेजारणीला दोन शब्द सांगितले. तोवर हे आपले फाट्यावर. काय करणार? बसले. वाट बघायला बसणं म्हणजे उगाच बसणं होय?"

काका काकूंकडे बघत राहिले. पणजोबांच्या पाठीमागचा रस्ता, आणि त्यावरून येणारी कोणीतरी बाई, हे त्यांना घरात ऐकलेल्या एवढ्या गोष्टींत कधी दिसलंच नव्हतं.

"फार वेळ लावला असेल तिनं?" त्यांनी विचारलं.

"माझ्याहून कमीच," काकू म्हणाल्या. "मी अजून दुसऱ्या खुर्चीवरचा कंदील हलायची वाट बघतेय."

काकांच्या मुठी सुटल्या होत्या, हे त्यांना कळलं नाही. मान किंचित वळलेली, ओठांवर हसू येऊ की नको असं अडलेलं.

"हलू नका," मूर्तिकार दबक्या आवाजात म्हणाला आणि पहिल्यांदाच स्टुलावरून उठला. "कोणीही हलू नका."

अनावरणाच्या दिवशी सगळं गाव वेशीवर लोटलं. झाडाखाली पांढरं कापड पांघरलेला पुतळा, शेजारी अध्यक्षबाई, आणि कापड ओढायला मुद्दाम बोलावलेले काका. काकांचं लक्ष पुतळ्याकडे नव्हतं. ते खालच्या दगडाकडे बघत होते. चेहरा कसाही असो. त्या दगडावर 'नाही' आहे की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

कापड ओढलं. पणजोबा दगडावर बसले होते, वळून कोणाची तरी वाट बघत. बघताक्षणी समोरच्या बायांमध्ये हलकंसं "अगंबाई" उमटलं. आणि मग सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या.

पाथरवटानं बाईंचा शब्द तंतोतंत पाळला होता. गावाचं नाव ठळक, लांबून दिसेल असं, हातभर उंच अक्षरांत कोरलं होतं आणि खाली रेघ मारली होती:

उगाच

रेघेच्या खाली, बारीक अक्षरांत:

नाही बसलो

सुरुवातीला कोणाच्याच काही ध्यानात आलं नाही. मग टँकरवाले मोठ्यानं म्हणाले, "नाही बसलो? ढळढळीत बसलाय की!"

जी हास्याची लाट उठली ती पार पोलीस चौकीपर्यंत गेली. उगाच पोलीस चौकी. अध्यक्षबाई पाथरवटावर कडाडल्या, "अरे, वाक्य तोडलंस तू!"

"बाई, शब्द सगळे आहेत, बघून घ्या," पाथरवट म्हणाला. "नाव ठळक तुम्हीच सांगितलंत."

"तुझ्या ठळकाला..." बाईंनी कसंबसं आवरलं आणि काकांकडे वळल्या. "काका, माफ करा हो. दगड बदलून घेऊ. उद्याच."

गाव हसायचं थांबलं. आता उभेकाका काय करतात ते बघायला लोक टाचा उंचावू लागले.

काका दगडाकडे बघत होते. साहेबानं जिथं वाक्य मोडलं होतं, नेमकं तिथंच ते परत मोडलं होतं. पण त्या वेळी साहेब पहिला तुकडा घेऊन निघून गेला होता. या वेळी दुसराही तुकडा इथंच होता, झाडाखाली, दगडात. आणि वर पणजोबा, समोरून कोणीही काहीही विचारलं तरी बसल्या जागी शुद्ध खोटं बोलायला तयार.

आधी काकांचे खांदे हलले. मग ते इतक्या जोरात हसले की त्यांना आधार लागला, आणि आधाराला पणजोबांचा गुडघाच सापडला.

"राहू द्या, बाई," डोळे पुसत ते म्हणाले. "घराण्याला शोभतंय."

त्या संध्याकाळी ओट्यावर काकू आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. आतून खुडबुड ऐकू आली. मग काका बाहेर आले, दुसऱ्या खुर्चीवरची वेताची भेंडोळी उचलून आत नेली. परत आले, टोपली नेली. परत आले, फुटका कंदील हातात धरून जरा विचार केला आणि तो ओट्याखाली ठेवला. खुर्चीची जाळी फडक्यानं झटकली. रस्त्याकडे बघितलं. दार लावून घेण्याजोगं ओट्याला काही नव्हतं.

मग ते बसले.

वीण जुनी, पण कधी कोणाचं वजन न पाहिलेली. जरा कुरकुरली, मग गप्प झाली. काकूंनी मान वळवली नाही. फक्त विचारलं, "कशी झालीय?"

काकांनी डोळे मिटले, काकू मिटतात तसेच. "डावीकडे सैल आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यावरून गुरुजी चालले होते. ते थबकले, चष्मा पुसला, परत घातला.

"अरे! बसलास?"

काका जागचे हलले नाहीत.

"नाही बसलो," ते म्हणाले.